शिडाच्या नौकेचा प्रपंच

स्वतःच्या मालकीच्या लहानशा शिडाच्या नौकेतून देशोदेशींच्या बंदरांत मुक्काम करीत वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या माणसांविषयी आपल्या मनात जे चित्र असते, ते बहुधा छायाचित्रांवरून बनलेले असते. आणि छायाचित्र घेणारा मनुष्य ऊन स्वच्छ असताना व शिडे वाऱ्याने भरलेली असतानाच कॅमेरा उचलतो, ही गोष्ट आपण विसरतो. त्याच नौकेचे वर्षातील कितीतरी आठवडे गोदीच्या आवारात, कोरड्या जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने उभे राहण्यात जातात, आणि त्या दिवसांत तिचा मालक तोंडाला मुखवटा बांधून तिच्या तळाचा जुना रंग खरवडत असतो, गंजलेले खिळे उपसून काढीत असतो, किंवा एखाद्या झडपेच्या चाकीशी झगडत इंजिनाखालच्या वीतभर जागेत पालथा पडलेला असतो. सागरपर्यटनाची खरी विद्या याच दिवसांत शिकली जाते, असे माझे मत आहे. समुद्रावर ओढवलेल्या प्रसंगातून अमुक एक नाविक धैर्याने पार पडला असे आपण वाचतो, आणि ते धैर्य खरेही असते. परंतु ती हकिकत बारकाईने वाचली, तर त्या धैर्याला हाताशी धरून चालणारे एखादे काम त्याने पूर्वी केव्हातरी गोदीत स्वतःच्या हातांनी केलेले असते, असे बहुतेक वेळा आढळून येते.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला नाविक जोशुआ स्लोकम याचा दाखला या बाबतीत सर्वांत जुना आहे. १८९५ ते १८९८ या तीन वर्षांत ज्या 'स्प्रे' नौकेतून त्याने ही प्रदक्षिणा पुरी केली, ती त्याला मिळाली तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्यातील फेअरहेव्हन गावी एका शेतात, खाऱ्या पाण्यापासून दूर, कापडाखाली झाकलेली व मोडकळीस आलेली होती. स्लोकमने आसपासच्या ओक वृक्षांचे लाकूड तोडून तिचा तळकणा नवा घातला, वाकवलेल्या फासळ्या बसविल्या, फळ्या ठोकल्या, आणि तेरा महिन्यांच्या श्रमानंतर ५५३ डॉलर व ६२ सेंट इतका सामानाचा खर्च आपल्या हिशेबात लिहून ठेवला. ज्याने नौकेची प्रत्येक फळी स्वतः बसविली, त्याला भर समुद्रात एखादी फळी करकरली तर ती कोणती आणि तिच्या मागे काय आहे, हे विचारायला दुसऱ्याकडे जावे लागत नाही.

आज सागरपर्यटन करणाऱ्या नौका गोदीत केव्हा चढवायच्या, हे मुख्यतः वादळांच्या ऋतूवर ठरते. कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असल्याने पुष्कळ विमा कंपन्या त्या अवधीत नौका विशिष्ट अक्षांशाच्या बाहेर ठेवण्याची अट घालतात, आणि म्हणून दक्षिणेकडच्या त्रिनिदाद बेटावरील चागुआरामस येथील गोद्या त्या सुमारास शिडाच्या नौकांनी गजबजून जातात. दक्षिण पॅसिफिकमध्ये हाच काळ नोव्हेंबर ते एप्रिल असा उलटा पडतो, तेव्हा टोंगा-फिजीकडे हिंडणाऱ्या नौका न्यूझीलंडमधील फांगारेसारख्या ठिकाणी उतरतात. आपल्या कोकण किनाऱ्याला ही रीत नवी नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या वर ओढून झाकून ठेवायच्या, त्या दिवसांत जाळी विणायची, फळ्या-दोर पाहायचे, आणि नारळी पौर्णिमेला नवा रंग लावलेली होडी पाण्यात लोटायची, हा कोळीवाड्यांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

जमिनीवर चढवली म्हणजे नौका सुरक्षित झाली, असे मात्र मानता येत नाही. ७ सप्टेंबर २००४ रोजी 'आयव्हन' हे चक्रीवादळ ग्रेनाडा बेटावर आदळले, तेव्हा तेथील गोद्यांत टेकूंवर उभ्या असलेल्या नौका एकमेकींवर कलंडून पडल्या. उभ्या नौकेची डोलकाठी वारा पकडते, पावसाने भिजलेली जमीन टेकूंखाली दबते, आणि एक नौका कोसळली की शेजारणीला घेऊन जाते. तेव्हापासून वादळी मुलखातील गोद्यांत नौका रुंद पट्ट्यांनी जमिनीतल्या काँक्रीटच्या कड्यांना आवळून बांधण्याची, आणि कित्येक ठिकाणी तळकणा बसेल असे खड्डे खणून त्यांत नौका उतरविण्याची पद्धत वाढली.

नौका पाण्याबाहेर काढण्याचे काम बहुतेक मोठ्या गोद्यांत चार चाकांवर चालणारा एक उंच लोखंडी सांगाडा करतो. दोन समांतर धक्क्यांच्या मधल्या पाण्यात नौका येते, सांगाड्यावरून सोडलेले दोन रुंद पट्टे तिच्या पोटाखालून घेतले जातात, आणि मग ती सावकाश वर येऊ लागते. पट्टा नौका ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर किंवा तळाशी बसविलेल्या वेगमापकावर आला, तर उचलतानाच हजारोंचे नुकसान होते. म्हणून शहाणे मालक पट्टे कोठे यावेत याच्या खुणा नौकेच्या कडेवर रंगवून ठेवतात. नौकेचा सारा भार तिच्या तळकण्याखाली रचलेल्या ठोकळ्यांवर येतो. दोन्ही बाजूंचे लोखंडी टेकू तिला केवळ उभी धरतात, आणि समोरासमोरचे टेकू घसरू नयेत म्हणून साखळीने एकमेकांशी जखडलेले असतात. रंग लावताना आड येतो म्हणून टेकू आपल्या मनाने सरकविण्याची मुभा मालकालाही नसते, आणि नसावीच.

नौका वर येताच पहिल्या तासात करायचे काम म्हणजे तिचा तळ जोरदार पाण्याने धुणे. ओला असेतो शेवाळाचा थर सुटतो. एकदा वाळला की तो चिवट होऊन बसतो. शंखासारख्या कवचाचे बार्नॅकल नावाचे जीव स्वतः तयार केलेल्या सिमेंटसारख्या द्रव्याने चिकटलेले असतात, आणि ते पत्र्याने उडविले तरी त्यांच्या बुडाची पांढरी वर्तुळे रंगावर उरतातच. या सर्व वस्तीमुळे नौकेचा वेग घटतो, वळणे मंदावते, इंजिनाला इंधन अधिक लागते. आणि लाकडी नौका असेल, तर रंग उडालेल्या जागेतून आत शिरून लाकूड पोखरणारे सागरी जीव तिची फळी बाहेरून धड दिसत असताना आतून पोकळ करून टाकतात.

यावर माणसाने शोधलेला उपाय तांब्याचा आहे, आणि त्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून प्रयोग केला. तांबे समुद्राच्या पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळत राहते आणि ते विरघळलेले तांबे जीवांना विषारी असल्याने तळ स्वच्छ राहतो, ही गोष्ट त्यातून अनुभवाला आली. पण पत्रे झिजतात, म्हणून नौदलाने रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांच्याकडे विचारणा केली. डेव्ही यांनी १८२४ च्या सुमारास असे दाखवून दिले की, तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, तर खाऱ्या पाण्यातील विद्युत्‌क्रियेने तो हलका धातू आधी झिजतो आणि तांबे अबाधित राहते. तांबे खरोखरच वाचले; परंतु वाचलेले तांबे विरघळेनासे झाल्यामुळे जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि शिंपले पुन्हा भरघोस वाढले, आणि नौदलाला तो उपाय सोडून द्यावा लागला. विज्ञानाच्या दृष्टीने पूर्ण यशस्वी असलेला प्रयोग व्यवहारात का फसला, हे ज्याला नीट उमगले, त्याला नौकेच्या तळाचे अर्धेअधिक शास्त्र उमगले असे समजावे.

आजच्या गोदीत डेव्हींचे जस्त आणि अलार्मचे तांबे हे दोन्ही नांदतात, मात्र आपापल्या जागी. तळाला लावायच्या रंगात तांब्याचा ऑक्साइड असतो आणि तो वर्षभर हळूहळू झिरपत राहतो. पंखा, त्याचा दांडा व सुकाणूचे धातूचे भाग वाचावेत म्हणून त्यांच्यावर जस्ताच्या वड्या बसवितात, आणि त्या अर्ध्या झिजल्या की बदलतात. वडी अजिबात झिजली नसेल, तर आनंद मानण्याऐवजी तिचा दांड्याशी विद्युत्‌संबंध तुटला आहे काय, हे तपासावे लागते. कारण ती झिजत नसेल तर दुसरे काहीतरी झिजत असते. वडीवर रंगाचा हात चुकूनही फिरवायचा नाही. ज्या नौकेचे शरीरच ॲल्युमिनियमचे आहे, तिला तांब्याचा रंग वर्ज्य; तेथे तांबे जणू शत्रूच्या गोटात जाऊन बसते आणि ॲल्युमिनियम खाऊ लागते. मध्यंतरी कथिलाच्या सेंद्रिय संयुगांचे रंग फार प्रभावी ठरले होते, पण त्यांनी बंदरांतील शिंपल्यांची व गोगलगायींची प्रजननशक्तीच बिघडविली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर त्यांना बंदी घातली, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने ते सर्वत्र निषिद्ध झाले. आपला तळ स्वच्छ राखण्यासाठी दुसऱ्याची खाडी नासविण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे त्यातून उशिरा का होईना मान्य झाले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

फायबरग्लासच्या नौकेला किडीचे भय नसले, तरी तिचा एक स्वतंत्र रोग आहे. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्याने पाण्याचे रेणू तिच्या बाह्य थरातून आत शिरतात, राळेत राहून गेलेली कच्ची द्रव्ये त्यांत विरघळतात, आणि त्या दाट द्रावाकडे आणखी पाणी ओढले जाऊन पृष्ठभागावर फोड उठतात. फोड फोडला तर आंबूस वासाचा द्रव बाहेर येतो. उपाय धीराचा आहे: बाहेरचा थर सोलून काढायचा, गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवायचे, महिनोन्‌महिने वाळू द्यायचे, आणि मग इपॉक्सीचे लेप चढवायचे. पुरते वाळण्यापूर्वी घाई करून लेप दिला, तर ओल आत कोंडली जाते आणि फोड पुन्हा येतात.

लाकडी नौकेची मरामत मात्र वेगळ्याच दर्जाची विद्या आहे. दोन फळ्यांमधील सांध्यात कापसाचा पीळ छिन्नीने व मोगरीने ठासायचा, वरून लांबी भरायची. पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगतात आणि सांधा आवळला जातो. कापूस कमी भरला तर पाणी झिरपते. जास्त ठासला तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि खिळ्यांवर ताण येतो. हे प्रमाण हातालाच कळते, मोगरीच्या आवाजाच्या फरकावरून कारागीर ते ओळखतात.

या विद्येचे जे प्रत्यंतर १९६८ मध्ये अटलांटिक महासागरात आले, त्याचा संबंध आपल्या मुंबईशी आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण ब्रिटिश नाविकाने आपली 'सुहेली' ही बत्तीस फुटांची नौका मुंबईत, येथील कारागिरांकडून, सागवानी लाकडात बांधून घेतली होती. १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीसाठी १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फाल्मथहून निघाला, आणि केप व्हर्द बेटांच्या पुढे गेल्यावर नौकेत पाणी वाढू लागल्याचे त्याला दिसले. तळकण्यालगतचा सांधा दोन्ही बाजूंनी सात-आठ फूट लांबीत उघडला होता, आणि नौका हलली की फटही हलत होती. हे काम कोरड्या गोदीत करावयाचे. येथे खाली हजारो फूट पाणी होते. शार्कला गोरे अंग दिसू नये म्हणून त्याने गडद कपडे चढविले, बुडी मारली, आणि दम कोंडून एकेक इंच कापूस ठासण्याचा प्रयत्न केला. पण श्वास घेण्यास वर येईतो कापूस सुटून लोंबू लागे. मग डेकवर बसून त्याने कॅनव्हासच्या अरुंद पट्टीवर कापूस शिवला, पट्टीला डांबर चोपडले, तिच्यात तांब्याचे खिळे आधीच टोचून घेतले, आणि ती अख्खी पट्टी पाण्याखाली सांध्यावर ठोकून बसविली. वरून तांब्याची पट्टी मारली. मधल्या वेळात एक शार्क घिरट्या घालू लागला, तो बंदुकीने मारावा लागला. पुढे पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला, सुकाणू आपोआप धरणारे यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ मोडले. तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो फाल्मथला परत आला. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच होता.

पुढे 'सुहेली' ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील नियंत्रित कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, सांधे उघडू लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले, आणि पुढे वयाची सत्तरी गाठल्यावरही तिच्या दुरुस्तीत स्वतः हात घातला. शर्यतीला पन्नास वर्षे झाली, त्या जून २०१८ मध्ये ती फाल्मथच्या बंदरात पुन्हा शिडांवर चालत होती.

आता तळातील भोकांविषयी. इंजिनाला थंड करणारे पाणी, मोरीचे पाणी, शौचकुपाचे पाणी, यांसाठी पाण्याखाली नौकेला अनेक भोके पाडलेली असतात, आणि प्रत्येकावर एक झडप असते. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दोन इंच व्यासाचे भोक उघडे पडले, तर मिनिटाला शेकडो लिटर पाणी आत येते. लहान नौकांवरील विजेचे पंप त्याच्यापुढे टिकत नाहीत. म्हणून गोदीत प्रत्येक झडप खोलून साफ करायची, तेल द्यायचे, साध्या पितळेची असेल तर तिच्यातील जस्त निघून जाऊन ती गुलाबी पडली आहे काय हे खरवडून पाहायचे, आणि प्रत्येकीशेजारी तिच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती गुडदी दोरीने बांधून ठेवायची. गुडदीची किंमत अगदी क्षुल्लक, पण वेळ आली तर तिच्याएवढी मोलाची वस्तू नौकेवर दुसरी नसते.

गोदीत राहणे ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. नौका जमिनीपासून आठ-दहा फूट उंच, चढण्या-उतरण्याला एक शिडी, आणि मोरीचे पाणी खाली सांडायचे नसल्याने ताट-वाट्या धुण्यापासून प्रातर्विधीपर्यंत प्रत्येक गोष्टीला आवाराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. रंगाची धूळ अंथरुणात येते, भातात येते. वारा न लागणारी नौका उन्हात तापते, आणि पंख्याला वीज हवी तर लांबलचक तार ओढून आणावी लागते. पण याच आवारात संध्याकाळी हत्यारे उसनी मागता-देताना निरनिराळ्या देशांची माणसे एकमेकांच्या इंजिनात डोकी घालतात. आणि कोणत्या गोदीत जोडाईचे काम चांगले होते, कोणत्या बंदरात जकातीचा अंमलदार फार चौकशी करतो, कोठल्या दुकानात इंजिनाचे रबरी चक्र मिळते, ही सारी उपयुक्त माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. जुन्या धर्मशाळेत प्रवाशांचा जो व्यवहार चाले, त्याच जातीचा हा आहे.

जलावतरणापूर्वीची शेवटची मोठी तपासणी डोलकाठीची. तिला उभी धरणाऱ्या गंजरोधक पोलादाच्या तारा बाहेरून वर्षानुवर्षे लखलखीत दिसतात. बिघाड असतो तो तारेचे टोक ज्या नळीत दाबून बसविलेले असते त्या नळीच्या तोंडाशी, जेथे खारे पाणी मुरते आणि प्राणवायू पोहोचत नाही. तपासणारा मनुष्य प्रत्येक तारेवरून खालून वर कापसाचा बोळा फिरवितो. एकोणीस धाग्यांपैकी एखादा तुटला असेल, तर त्याचे केसाएवढे टोक कापसाचा तंतू धरून ठेवते. मग भिंगातून नळीचे तोंड पाहायचे, तपकिरी डाग असला तर तो पुसून खाली चीर आहे काय हे पाहायचे, आणि हेच काम पाळण्यात बसून साठ फूट उंचीवर, डोलकाठीच्या शेंड्याशी, पुन्हा करायचे. एक तार तुटली तर डोलकाठी जाते, आणि डोलकाठी गेली तर प्रवास तेथेच संपतो. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी सगळ्या तारा, धड दिसत असल्या तरी, बदलून टाकण्याचा रिवाज आहे. यात होणारा खर्च वायफळ समजणाऱ्या माणसाने दूरच्या प्रवासाला न निघणे बरे.

समुद्रात गेल्यावर हीच दृष्टी दिवसाचा क्रम होऊन बसते. दोघांची नौका असेल तर रात्रीचे पहारे तीन किंवा चार तासांचे; एक झोपतो, दुसरा क्षितिज, होकायंत्र आणि वाऱ्याची दिशा सांभाळतो, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सभोवार नजर टाकतो, कारण क्षितिजावर दिसू लागलेले मोठे जहाज तेवढ्या वेळात अगदी जवळ येऊ शकते. सकाळी पहिली फेरी डेकची. रात्री कोठे एखादी पिन सुटून पडली आहे काय, एखादी सुटी चाकी गडगडत आली आहे काय, हे पाहायचे. डेकवर पडलेला लहानसा खिळादेखील कोठून आला याचा शोध लागेपर्यंत स्वस्थ बसायचे नाही. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचा सुमारे २,७०० सागरी मैलांचा व्यापारी वाऱ्यांचा प्रवास पुष्कळ नौकांना तीन आठवडे घेतो, आणि त्या अवधीत शिडे फारशी बदलावी लागत नाहीत. पण नौका अहोरात्र डोलत असल्याने शीड ताणणारा दोर एकाच कप्पीवर एकाच जागी लाखो वेळा घासला जातो. म्हणून अनुभवी नाविक रोज तो दोर वीतभर सोडतो किंवा ओढतो, म्हणजे झीज नव्या जागी जाते. शिडाचे कापड टिकते, पण उन्हाने शिवणीचा दोरा आधी कुजतो. ती शिवण जाड सुईने आणि तळहाताला चामड्याची ढाल बांधून पुन्हा घालावी लागते.

रसदीचा बंदोबस्त हेही मोठे खाते आहे. पुठ्ठ्याची खोकी नौकेवर आणायची नाहीत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. भाज्या धुऊन, पुसून, हवेशीर जाळ्यांत टांगायच्या. कधीच शीतपेटीत न ठेवलेली ताजी अंडी व्हॅसलीन चोळून ठेवली व अधूनमधून उलटवली, तर महिनाभर टिकतात. चूल दोन्ही बाजूंना झोके घेणाऱ्या खिळीवर टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडे सपाट राहते. आणि झाकण पक्के बंद राहणारा, इंधन कमी खाणारा प्रेशर कुकर हा आपल्या स्वयंपाकघरातला जिन्नस या नौकांवर सर्वांत आवडता आहे. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोड्या पाण्याची शेवटची विसळ. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाण्याचा हिशेब बांधलेला असतो. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी काढणारी यंत्रे आता पुष्कळांकडे असतात. ती हवेच्या दाबाच्या पन्नासपटीहून अधिक दाबाने पाणी एका सूक्ष्म पडद्यातून ढकलतात, पण बंदरातील तेलकट पाणी त्या पडद्याला सोसत नाही, म्हणून ती उघड्या समुद्रातच चालवायची. नांगरावर असताना खोलीच्या पाचपट साखळी सोडायची, आणि झोपण्यापूर्वी किनाऱ्यावरील दोन खुणांचा मेळ नोंदवहीत लिहून ठेवायचा, हे नियमही असेच रोजचे.

आपल्या देशात या विद्येची परंपरा जिने नव्याने सुरू केली, त्या 'म्हादेई' नौकेचा जन्म गोव्यात, मांडवी नदीतील दिवाडी बेटावर झाला. साताऱ्याकडच्या विंचुर्णीत निवृत्तीचे दिवस घालवणाऱ्या व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून नौदलाने सागरपरिक्रमेची, म्हणजे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची, योजना हाती घेतली, आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी ती अंगावर घेतली. दोंदे यांना एवढ्या प्रवासाचा अनुभव नव्हता. तो मिळविण्यासाठी ते प्रथम नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले आणि त्यांच्या शर्यतीच्या नौकेच्या तयारीत कामाला लागले. मग रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडीच्या गोदीत छप्पन्न फुटांची नौका लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवून बांधली जात असताना दोंदे तिच्याबरोबर राहिले. कोणती नळी कोणत्या फळीमागून जाते, कोणत्या तारेचा जोड कोठे आहे, हे त्यांनी ती झाकली जाण्यापूर्वी पाहिले होते. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. नौका चालविणारा एकटाच असेल, तर सुतार, वीजतंत्री, नळजोडणारा आणि शिडे शिवणारा हेही सारे तोच असतो. २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता परिक्रमा केली, आणि दोंदे यांच्या परिक्रमेच्या वेळी किनाऱ्यावरची मदत करणारे टॉमीच होते.

त्याच गोदीत बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या. त्यांची शिकवणी 'म्हादेई'वर झाली होती. परतीच्या शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा त्यांनी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराकडे नौका वळविली, तेथे दुरुस्ती करून घेतली, आणि २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यात पोहोचल्या. घराकडचा अखेरचा टप्पा समोर असताना वाट वाकडी करून गोदी गाठणे, हा निर्णय मला त्या साऱ्या प्रवासातील अत्यंत प्रौढ निर्णय वाटतो. 'तारिणी' त्यानंतर निवृत्त झाली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी तिला पुन्हा गोव्याहून बाहेर काढले, दोंदे यांच्याच चार बंदरांच्या मार्गाने नेले, आणि २९ मे २०२५ रोजी परत आणले.